डार्सी असं वागणारच नाही!

एलिझाबेथ बेनेट आणि मिस्टर डार्सी यांचं लग्न 1813 साली लागलं. जेन ऑस्टेननं 'प्राइड अँड प्रेज्युडिस'च्या शेवटी थोरल्या बहिणीचं आणि हिचं एकाच दिवशी उरकून टाकलं, मुलींच्या आईच्या जिवाचा घोर मिटवला आणि आपण पुढच्या कादंबरीला लागली. कुणालाही वाटेल, संपला विषय. पण या लग्नाच्या मांडवातून गेल्या दोनशे वर्षांत एकही पाहुणा घरी गेलेला नाही. मंडळी तिथेच ठाण मांडून आहेत आणि दर आठ-पंधरा दिवसांनी नवरा-नवरीला उभं करून पुन्हा अंतरपाट धरायला लावताहेत.

या उद्योगाला फॅन फिक्शन म्हणतात. त्यातल्या जाणकारांच्या बोलीत 'जाफ', म्हणजे जेन ऑस्टेन फॅन फिक्शनची आद्याक्षरं. सगळ्यात खपाचा प्रकार म्हणजे 'व्हेरिएशन'. मूळ गोष्टीतली एक घटना बदलायची आणि पुढे काय होतं ते बघायचं. एलिझाबेथचे वडील मिस्टर बेनेट पहिल्याच प्रकरणात वारले आणि वारस म्हणून कॉलिन्स घराचा ताबा घ्यायला दारात उभा राहिला, तर? डार्सीनं मागणी घातली तेव्हा एलिझाबेथ ऊर्फ लिझी तापानं फणफणलेली होती, ग्लानीत काय बोलून गेली तिचं तिला ठाऊक नाही, आणि शुद्धीवर आली तेव्हा लग्न ठरलेलं होतं, तर? बर्फात बग्गी रुतून दोघांना एका खोपटात रात्र काढावी लागली, तर? लिझी मुळात एका अर्लची हरवलेली नात निघाली, तर? डार्सीनं ड्रॅगन पाळलेला असला, तर? प्रश्न हवे तितके आहेत. उत्तर एकच: तर त्यांचं लग्न होतं. मधे साठ प्रकरणं जातात, लफंगा विकहॅम दोनदा पळून जातो, डार्सीची मावशी लेडी कॅथरीन तीनदा चालून येते, पण लग्न होतंच.

म्हणजे ही गोष्ट वाचायला बसणाऱ्याला नवरा कोण, नवरी कोण आणि शेवट काय, हे पुस्तक उघडायच्या आधीच पाठ असतं. मग तो वाचतो कशासाठी? तर आपल्याकडे लग्नाला जातात त्याचसाठी. मुहूर्त टळणार नाही हे सगळ्यांनाच माहीत असतं. पाहुण्यांची खरी करमणूक मठ्ठ्यात मीठ कमी पडलं, मुलाच्या काकांना नारळ द्यायचा राहिला आणि नवरीनं हे कसलं अंबाड्यावर घातलंय, यातच असते. मला जाफच्या कथांपेक्षा त्यांच्या वाचकांचे अभिप्राय वाचायला जास्त आवडतात, ते याच कारणानं. कथा मी मधली पानं सोडून वाचतो. अभिप्रायातला स्वल्पविरामही सोडत नाही.

या अभिप्रायांचा राजा म्हणजे 'डार्सी असं वागणारच नाही!' इंग्रजीत याला 'आउट ऑफ कॅरेक्टर' असा गुळगुळीत शब्द आहे, पण त्यात तो त्वेष उतरत नाही. माझी पुण्याची मावशी हे वाक्य उच्चारते तेव्हा आपल्या सख्ख्या भाच्यावर कुणीतरी चोरीचा आळ घेतलाय असं वाटतं. मावशी विमा कंपनीत पस्तीसेक वर्षं क्लेमच्या विभागात होती. निवृत्तीनंतर तिच्या मुलीनं तिला किंडल घेऊन दिलं, आणि बी.ए.ला अभ्यासाला असलेल्या मिस्टर डार्सीशी तिची नव्यानं गाठ पडली. एकदा रात्री अकराला तिचा फोन आला.

"झोपलास का रे?"

"नाही, बोल."

"या बाईनं डार्सीला रडवलंय."

"कुठल्या बाईनं?"

"अरे, गोष्ट लिहिणाऱ्या! सकाळी नाश्त्याच्या टेबलावर रडतोय तो. बटलर उभा आहे समोर."

"मग काय झालं?"

"काय झालं म्हणजे? डार्सी असं वागणारच नाही! रडायचंय तर खोलीत जाऊन रडेल ना. नोकरमाणसांच्या देखत?"

मी म्हटलं, "मावशी, अगं मुळात डार्सीच खरा नाही." पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मावशी वेगळ्याच, जपून काढलेल्या आवाजात म्हणाली, "जेवणखाण वेळेवर होतंय ना तुझं?"

आता मूळ पुस्तकातला डार्सी काय काय वागतो ते बघा. नाचाच्या समारंभात मुलीला ऐकू जाईल अशा आवाजात तिच्या रूपाला नावं ठेवतो. जिवलग मित्राच्या, बिंग्लीच्या, प्रेमात बिब्बा घालतो. ती मुलगी लंडनमध्येच आहे हे त्या मित्रापासून लपवतो. आणि लग्नाची मागणी घालताना मुलीच्या माहेरच्यांची कमअस्सल म्हणून बारकाईनं संभावना करतो. हे सगळं तो वागतो, ते ऑस्टेनबाईंनी लिहून ठेवलंय, त्यावर कुणाचा आक्षेप नाही. बटलरसमोर रडला की मात्र त्याचं चारित्र्य धोक्यात.

मावशी नुसती फोनवर थांबत नाही, लेखिकेला कळवतेसुद्धा. इतकी वर्षं क्लेमची पत्रं लिहून तिचं इंग्रजी एका साच्यात बसलंय. 'आपल्या प्रकरण क्रमांक 14 च्या संदर्भात कळविण्यात येते की, घटनेच्या वेळी कर्नल फिट्झविल्यम हे स्थळावर उपस्थित असल्याबाबत कोणताही पुरावा आढळून येत नाही. तरी कृपया खुलासा व्हावा.' अमेरिकेतल्या कुठल्याशा गावी स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून लिहिणारी ती बिचारी. तिनं खरोखर खुलासा पाठवला, दिलगिरी व्यक्त केली आणि कर्नलला आदल्या प्रकरणातच घोड्यावर बसवून रवाना केलं.

डार्सीच्या या मामेभावाचं, कर्नल फिट्झविल्यमचं, आणखी एक आहे. जाफच्या जगात या गृहस्थाचं नाव रिचर्ड. शंभरातल्या नव्वद कथांमध्ये रिचर्डच. ऑस्टेननं त्याला नाव दिलेलंच नाही. मिस्टर बेनेटलाही नाही, पण ते बहुतेक ठिकाणी थॉमस असतात. बिंग्लीची बहीण कॅरोलाइन नेहमी डोळ्यांत खुपणाऱ्या नारिंगी कपड्यांत वावरते आणि डोक्याला पिसं लावते, याचाही मूळ पुस्तकात पत्ता नाही. लिझीला लव्हेंडरचा वास येतो आणि डार्सीला चंदनाचा. हा चंदनाचा डार्सी वाचताना मला दर वेळी म्हैसूरचा साबण आठवतो आणि प्रेमप्रसंगातली हवाच निघून जाते. पण एखाद्या नव्या लेखिकेनं कर्नलचं नाव एडवर्ड ठेवू द्या, लगेच वाचक धावून येतात: मूळ कादंबरीशी इमान राखा! कुणीतरी एकदा केलं, दुसऱ्यानं उचललं, तिसऱ्यापासून ती घराण्याची रीत झाली. आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

मग येते शिष्टाचाराची फौज. रिजन्सी म्हणजे राजा तिसरा जॉर्ज आजारी असताना त्याचा मुलगा राज्य बघत होता तो काळ, 1811 ते 1820. या नऊ वर्षांबद्दल या वाचकांना जेवढं माहीत असतं तेवढं त्या काळात राहणाऱ्यांनाही नसावं. थोरल्या मुलीला नुसतं 'मिस बेनेट' म्हणायचं, धाकटीला नावासकट. लेडी कॅथरीन अर्लची मुलगी, म्हणून ती 'लेडी कॅथरीन'; तिला 'लेडी द बर्ग' म्हणालात तर तुम्ही तिला नवऱ्याच्या पायरीवर आणून बसवलंत. सर विल्यम ल्यूकसची बायको मात्र 'लेडी ल्यूकस'च, कारण तिच्याजवळ नवऱ्याचीच पायरी आहे. आपल्या घरांत आत्या, मामी, चुलत सासूबाई असा गोतावळा सांभाळलेल्या मराठी वाचकाला यात काही अवघड नाही, उलट मजा वाटते. पण अमेरिकन लेखिका इथे हमखास घसरतात. त्यांच्या लिझीच्या तोंडी शरद ऋतूला 'फॉल' येतो, ती 'साइडवॉक'वरून चालते, आणि इंग्लंडमधले वाचक चहाचा कप खाली ठेवून अभिप्राय लिहायला घेतात. एखादा बिंग्ली चुकून 'ओके' म्हणाला तर संपलंच. तो शब्द 1839 सालचा, बॉस्टनचा. बिंग्लीला तो बोलायचा तर आणखी सव्वीस-सत्तावीस वर्षं थांबावं लागेल.

घोड्यांवरून तर मारामाऱ्या होतात. मूळ पुस्तकात डार्सी म्हणतो की रस्ता चांगला असेल तर पन्नास मैल म्हणजे काहीच नाही, अर्ध्या दिवसाहून थोडं जास्त. डार्सीचं पेंबर्ली डर्बीशायरमध्ये, लंडनपासून दीडशे मैलांच्या आसपास. आता प्रेमानं वेडापिसा झालेला डार्सी रात्री पेंबर्लीहून निघाला आणि सकाळच्या चहाला लंडनात हजर झाला, तर कुणीतरी कागद-पेन घेऊन बसणारच. घोडे किती, कुठे बदलले, रात्री काळोखात वाट कशी दिसली? शेवटी एखादी प्राणिप्रेमी वाचक विचारते, त्या घोड्यांचं पुढे काय झालं? नायिकेचं काय झालं हे विचारायची त्या दिवशी कुणाला आठवण राहत नाही. बिंग्लीच्या नेदरफील्डमधला नाच 26 नोव्हेंबरला, मंगळवारी होता हेही या मंडळींना तोंडपाठ, कारण पुस्तकात तसं आहे आणि 1811 च्या पंचांगाशी ते जुळतं. त्या दिवशी तिथी कोणती होती, एवढंच अजून कुणी विचारलेलं माझ्या पाहण्यात नाही.

शयनगृहाच्या दाराबद्दल दोन तट आहेत. मूळ पुस्तकात सबंध कथेत डार्सी-लिझीचं एक चुंबन नाही. डार्सी दुसऱ्यांदा मागणी घालतो आणि लिझी होकार देते त्या ऐन घटकेला ऑस्टेनबाई वाचकांकडे पाठ करून उभ्या राहतात. त्यावर तो काय बोलला ते सांगतच नाहीत, प्रेमात पडलेला माणूस जितपत शहाण्यासारखं बोलेल तितपत बोलला, एवढ्यावर भागवतात. 'एमा'मध्येही तेच. नायिका मागणीला काय म्हणाली? तर जे म्हणायला हवं ते. दोनशे वर्षं वाचकांना तिथे उपाशी उठवलंय, तेव्हा पुढच्यांनी त्या जागी पंचपक्वान्नं मांडली यात नवल नाही. पण मग एका वाचकाची तक्रार, की दार उघडं का ठेवलंत, मला सासूबाईंना ही गोष्ट वाचायला द्यायची होती. दुसऱ्याची तक्रार, की चारशे पानं थांबवून ऐन वेळी दार लावलंत, पैसे परत द्या. दोघांनीही एकच तारा दिलेला. एकाच कथेला.

तुम्ही म्हणाल, ही हल्लीच्या माणसांची थेरं. पूर्वी लोक गंभीरपणे वाचायचे. तर मग जेन ऑस्टेनच्या कागदपत्रांत सापडलेल्या दोन टिपणांबद्दल सांगायला हवं. 'मॅन्सफिल्ड पार्क' 1814 मध्ये आली, 'एमा' 1815 च्या डिसेंबरात. या दोन्ही पुस्तकांवर घरचे, शेजारचे आणि ओळखीपाळखीचे काय काय म्हणाले, ते बाईंनी स्वतःच्या हातानं नावनिशीवार उतरवून ठेवलंय. वर एक शब्दाची टिप्पणी नाही. खाली एक शब्दाचं उत्तर नाही. नुसती यादी. ती वाचताना आजचेच अभिप्राय वाचतोय असं वाटतं.

आईचं मत: नायिका मिळमिळीत आहे, नॉरिसबाई मात्र मजेदार. सख्ख्या आईचं हे मत! भाची फॅनी नाइटला एमा मुळीच सहन झाली नाही, मिस्टर नाइटली मात्र फार आवडले. (नायिका नको, नायक पाठवून द्या, या मागणीत दोनशे वर्षांत काही फरक पडलेला नाही.) शेजारच्या मिसेस डिगवीड म्हणाल्या, लेखिका ओळखीची नसती तर 'एमा' शेवटपर्यंत वाचवलीच नसती. मिस्टर फाउल यांनी पुस्तक रंजक नाही असं ऐकलं होतं, म्हणून त्यांनी पहिलं आणि शेवटचं प्रकरण तेवढं वाचलं. आणि मत दिलं ते दिलंच. एका गृहस्थांना पुस्तक इतकं नावडलं की त्यांचं मत लेखिकेपर्यंत पोचवायला भाचीच तयार होईना. बाईंनी तेही टिपून ठेवलं. पण सगळ्यांवर ताण केली ती मिसेस ऑगस्टा ब्रॅमस्टन यांनी. आधीची दोन पुस्तकं, म्हणजे त्यांत 'प्राइड अँड प्रेज्युडिस'सुद्धा आलं, आपल्याला शुद्ध मूर्खपणा वाटला, असं त्यांनी कबूल केलं. 'मॅन्सफिल्ड पार्क' बरी असेल अशी आशा होती. पहिला खंड वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, चला, सगळ्यात वाईट भाग तर संपला.

एवढ्या गर्दीत एक सुखाची नोंदही आहे. 'एडिंबरा रिव्ह्यू'च्या जेफ्री साहेबांना 'एमा'नं तीन रात्री झोपू दिलं नाही.

घरातल्या घरातही भांडणं होतीच. 'मॅन्सफिल्ड पार्क'मध्ये फॅनी प्राइसचं लग्न सज्जन, सपक एडमंडशी न लावता त्या रंगेल हेन्री क्रॉफर्डशी लाव म्हणून बहीण कॅसँड्रा जेनच्या मागे लागली होती, असं त्यांच्या घरात सांगत. जेननं ऐकलं नाही. हेन्री-फॅनीच्या बाजूनं आज कथा लिहिणारे पुष्कळ आहेत. त्या पक्षाचा झेंडा पहिल्यांदा लेखिकेच्या बहिणीनं उभारला हे त्यांच्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे. आणि सूचना करणाऱ्यांत थेट राजवाडाही होता. राजपुत्राचे ग्रंथपाल क्लार्क यांनी सुचवलं, की आता एका विद्वान पाद्र्यावर लिहा. नंतर सुचवलं, की सॅक्स-कोबर्ग राजघराण्यावर ऐतिहासिक प्रणयकथा लिहा. बाईंनी अत्यंत नम्रपणे नाही म्हणून कळवलं आणि मग घरी बसून एक खोटा आराखडा लिहिला: सगळ्यांच्या सूचना मान्य करून लिहिलेली कादंबरी कशी होईल त्याचा. समासात कुठली कल्पना कुणाची ते नाव घालून. नायिका सर्वगुणसंपन्न, बाप पाद्री, दोघं युरोपभर वणवण फिरताहेत, कुणीतरी सारखं पळवून नेतंय. आज कुणी तो आराखडा जसाच्या तसा जाफ म्हणून छापला तर चार तारे सहज मिळतील.

आपल्या पात्रांचं पुढे काय झालं, हे बाई घरच्या मुलांना विचारलं तर सांगत. भाच्यानं 1869 साली लिहिलेल्या आठवणींत ते आलंय. बेनेट बहिणींपैकी किटीचं लग्न पेंबर्लीजवळच्या एका पाद्र्याशी झालं. मेरीला मावशीच्या नवऱ्याच्या कचेरीतला एक कारकून मिळाला आणि मेरिटन गावात विदुषी म्हणून मिरवायला मिळालं, त्यात ती खूश होती. स्वतः बाई 1813 च्या मे महिन्यात लंडनला एका चित्रप्रदर्शनात गेल्या तेव्हा तिथल्या तसबिरींमध्ये लिझीची थोरली बहीण, म्हणजे जेन बिंग्ली, शोधून आल्या. सापडली. पांढऱ्या पोशाखातली, हिरवे दागिने ल्यालेली. मिसेस डार्सी काही सापडेना, तर बहिणीला लिहिलं, की बायकोचं चित्र चारचौघांत टांगायला डार्सी तयार होत नसणार. म्हणजे पहिली फॅन कोण, ते सांगायला नको.

तेव्हा मेरीला कारकून मिळाला हे खुद्द लेखिकेचं म्हणणं. यावर जाफच्या वाचकांची प्रतिक्रिया काय? मावशीला मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, "कारकून? मेरीला? छे, छे. तिला काय कळतंय!"

इथे 'तिला' म्हणजे जेन ऑस्टेनला.

आणि मावशी एकटी नाही. मेरीला न्याय मिळवून द्यायला बड्याबड्या लेखिका उतरल्या: 2008 मध्ये कॉलीन मॅककुलो, 2020 मध्ये जॅनिस हॅडलो. हॅडलोबाईंची मेरी वाचकांनी डोक्यावर घेतली. मॅककुलोबाईंना मात्र मनस्ताप झाला, कारण त्यांनी मेरीच्या नादात डार्सी आणि लिझीचा संसार कडू करून टाकला. डार्सी थंड, महत्त्वाकांक्षी राजकारणी. वाचक खवळले. त्याच सुमाराला, 2009 साली, अमांडा ग्रेंज यांनी डार्सीला रक्तपिपासू व्हँपायर केलं, तर ते पुस्तक बायका हनिमूनच्या गप्पांसारखं वाचत बसल्या. याच वर्षी 'प्राइड अँड प्रेज्युडिस अँड झाँबीज' आलं. मुखपृष्ठावर सहलेखिका म्हणून जेन ऑस्टेन. बेनेट बहिणी तलवारी घेऊन भुतं कापताहेत. तेही खपलं, धडाक्यानं. जाफचा कायदा असा आहे: डार्सी रक्त प्याला तर चालतं, बायकोशी तुटक वागला तर चालत नाही.

पहिले उद्योगी लोक पुष्कळ जुने. जेनची भाची कॅथरीन हबॅक हिनं आत्यानं अर्धवट टाकलेली 'द वॉटसन्स' पुरी करून 1850 मध्ये 'द यंगर सिस्टर' काढली. 1913 मध्ये सिबिल ब्रिंटन या बाईंनी सहाही कादंबऱ्यांमधली बिनलग्नाची माणसं एकत्र केली आणि एकमेकांत लग्नं जुळवून टाकली. कर्नल फिट्झविल्यमला त्यांनी 'मॅन्सफिल्ड पार्क'मधली मेरी क्रॉफर्ड दिली. आपल्याकडचं एखादं वधूवर सूचक मंडळ त्यांनी सहज चालवलं असतं. पी. डी. जेम्स यांनी नव्वदी उलटल्यावर, 2011 मध्ये, पेंबर्लीच्या रानात खून पाडला. पण त्या जुन्या वळणाच्या, त्यांनी आधी ऑस्टेनबाईंच्या आत्म्याची माफी मागितली. वाचकांनी मात्र माफी दिली नाही. खून झाला त्याचं काही नाही; लिझी अख्ख्या पुस्तकात एकदाही चुरचुरीत बोलत नाही, याचा राग.

माझं आवडतं पुस्तक जो बेकर यांचं 'लाँगबोर्न', 2013 चं. बेनेटांच्या घरातल्या मोलकरणीच्या नजरेनं सांगितलेलं. मूळ गोष्टीत लिझी आजारी बहिणीला भेटायला तीन मैल चिखल तुडवत जाते, तिचा परकर सहा इंच चिखलानं भरतो, आणि त्या स्वच्छंदपणावर डार्सीसकट सगळे वाचक लुब्ध. बेकर यांच्या पुस्तकात तो परकर सारा नावाची मोलकरीण धुते. पहाटे उठून, फुटलेल्या हातांनी. स्वतः धुवायला लागला असता तर बाईसाहेब जरा बघून चालल्या असत्या, असं तिच्या मनात येतं. हे वाचून बऱ्याच वाचकांनी प्रामाणिकपणे लिहिलं, की आता मूळ पुस्तकातला तो प्रसंग पूर्वीसारखा वाचता येत नाही. पण पुढे मिस्टर बेनेटना एक अनौरस मुलगा आहे असं निघतं, आणि मग काय विचारता. मिस्टर बेनेट असं वागणारच नाहीत!

पुस्तकात नसलेल्या गोष्टीवर वाचकांचा एकदाच एकमतानं जीव जडला. 1995 च्या बीबीसी मालिकेत कॉलिन फर्थ तळ्यात उडी मारतो आणि ओल्या पांढऱ्या शर्टानं लिझीसमोर येतो. पुस्तकात डार्सी तबेल्याच्या वाटेनं येतो, आणि संपूर्ण कोरडा. एरवी लेडी द बर्ग म्हटलं तर तुटून पडणारी फौज इथे चिडीचूप. उलट 2013 मध्ये लंडनच्या सर्पेंटाइन तळ्यात डार्सीचा बारा फुटी पुतळा उभा केला, छातीपर्यंत पाण्यात. तो शर्ट 2024 मध्ये लिलावाला निघाला आणि 20,000 पौंडांची बोली लागली. मिस्टर डार्सींचं वर्षाचं उत्पन्न 10,000 पौंड. म्हणजे शर्टामागे दोन वर्षांचं उत्पन्न गेलं. मिसेस बेनेटना हे कळायला हवं होतं.

आपल्याकडे ही वरात लवकर पोचली. 1985 मध्ये दूरदर्शनवर 'तृष्णा' मालिका आली ती याच कादंबरीवर. 2004 च्या 'ब्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये बेनेट कुटुंब अमृतसरचं बक्षी कुटुंब झालं, थोरली बहीण आपली नम्रता शिरोडकर, आणि विकहॅम भेटतो तो गोव्याच्या किनाऱ्यावर, तो दुसरीकडे कुठे भेटणार? त्यातला कॉलिन्स म्हणजे अमेरिकेहून बायको शोधायला आलेला कोहली. त्याला बघून आमच्याकडे कुणी 'कोहली असा वागणारच नाही' म्हणालं नाही. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि प्रत्येकानं मनात वेगवेगळं नाव घेतलं. मुंबईत वाढलेल्या सोनाली देव यांनी 2019 पासून कॅलिफोर्नियातल्या राजे घराण्यावर चार कादंबऱ्या लिहिल्या. पहिलीत डार्सी म्हणजे त्रिशा राजे नावाची न्यूरोसर्जन, आणि तिच्या तोऱ्यानं दुखावलेला स्वयंपाकी हा तिथला एलिझाबेथ. मावशीला हे पटकन पटलं. म्हणाली, "सर्जन म्हणजे तोरा असणारच. मोतीबिंदूच्या वेळी बघितलाय ना मी."

मावशीची आणि माझी खरी परीक्षा झाली ती 'सँडिटन'मुळे. जेन ऑस्टेननं 1817 च्या मार्चमध्ये ही कादंबरी अकरा-बारा प्रकरणांवर सोडली आणि जुलैत ती गेली, अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी. 2019 मध्ये टीव्हीवाल्यांनी ती मालिका म्हणून केली. बाईंचा मजकूर पहिल्या भागातच संपला आणि पुढचं सगळं त्यांनी रचलं. आणि काय रचलं? शेवटच्या भागात नायक सिडनी नायिकेला सोडून एका श्रीमंत विधवेशी लग्न ठरवतो. ऑस्टेनची गोष्ट, आणि लग्न नाही! प्रेक्षक रस्त्यावर यायचेच बाकी होते. पत्रं, अर्ज, मोहिमा. शेवटी मालिका पुन्हा सुरू झाली, पण सिडनीचं काम करणारा नट परत यायला तयार नव्हता, म्हणून दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच सिडनी अँटिग्वात पीतज्वरानं वारला. ज्याच्यासाठी एवढं भांडलो तोच मेला, म्हणून पुन्हा आक्रोश.

मावशीला सिडनीच्या बेवफाईचं एवढं दुःख नव्हतं. तो ज्या कारणासाठी विधवेच्या पैशामागे जातो ते कारण तिला झोपू देईना: थोरल्या भावाचं बांधकाम आगीत जळतं, आणि त्यानं विमा उतरवलेला नसतो. "अरे, लंडनमध्ये तेव्हा शंभर वर्षं फायर पॉलिसी मिळत होती! एवढी मोठी स्कीम काढलीस आणि प्रीमियम भरायला नको तुला?" दोन दिवस ती दुसरं काही बोलत नव्हती.

अर्थात जाफच्या लेखिकांनी सिडनीला मेलेला राहू दिलं नाही. पुढच्याच पंधरवड्यात तो बरा होऊन बोटीत बसला. वाचक हरखले, मग नेहमीप्रमाणे कामाला लागले. अँटिग्वाहून बोट इतक्या लवकर कशी आली? वादळाचा मोसम होता ना? बरोबर डॉक्टर कोण होता? मी मावशीला ती कथा पाठवली आणि विचारलं, आता तरी समाधान झालं का. दोन तासांनी तिचा फोन आला.

"वाचली. छान आहे. जिवंत आला, चांगलं झालं. पण मला एक सांग, हा गेला म्हणून घरच्यांना रीतसर कळवलंय, वाटण्या झाल्यात, सगळ्यांच्या सह्या झाल्यात. आता ते पैसे परत कोण वसूल करणार?"